‘शूस्टर’मध्ये सापडलेलं शिवणं

पुण्यात जर्मन शिकवताना मी रोज जो कोश उघडतो तो डीडब्ल्यूडीएस, बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश. पैसे लागत नाहीत, शब्द बघायला लॉगिनही नको. अर्थ, उच्चार सगळं आहेच, पण मी जातो ते व्युत्पत्तीसाठी. वोल्फगांग फायफर यांनी संपादित केलेला, १९८९ साली पूर्व बर्लिनमध्ये निघालेला व्युत्पत्तिकोश तिथे शब्दाखालीच वाचायला मिळतो.

परवा वर्गात व्यवसायांची नावं चालली होती. शूमाखर आणि शूस्टर, दोन्हींचा अर्थ जोडे करणारा कारागीर. एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, शूमाखरमधलं ‘माखर’ म्हणजे बनवणारा, ते कळलं. पण शूस्टरमधलं ‘स्टर’ कुठलं?” मला सांगता येईना. वर्गातच शोधलं. मध्ययुगीन जर्मनमधला शब्द ‘शुओखसूतेरे’. ‘शुओख’ म्हणजे जोडा, आणि ‘सूतेरे’ आला लॅटिन ‘सूतोर’वरून, ज्याच्या मुळाशी ‘सुएरे’ हे क्रियापद आहे. अर्थ, शिवणे. तोंडात झिजत झिजत त्याचा ‘स्टर’ राहिला.

संस्कृत ‘सीव्यति’ त्याच घराण्यातलं, आणि आपलं ‘शिवणं’ही. माझे आजोबा कापशीला कोल्हापुरी चपला शिवायचे. आरीनं भोक पाडायचं, चामड्याची वादी ओवायची, करकचून ओढायची. खिळा एकही नाही. त्यांची आरी माझ्या टेबलावर असते, अंगठ्याच्या जागी मूठ खोलगट झालेली. ‘चपला बनवतो’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. ‘शिवतो’ म्हणायचे.

म्हणूनच ‘त्सुझामेनशूस्टर्न’ हे क्रियापद वाचून वाईट वाटलं. कसंबसं जोडून टाकणं, असा त्याचा अर्थ. कारागिराचं नाव तुच्छतेनं वापरायची खोड तिकडेही आहे तर.

एक अडचण सांगतो. सगळं जर्मनमध्येच आहे आणि व्युत्पत्तीचे परिच्छेद संक्षेपांनी गच्च भरलेले असतात. बी-वन, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या आधी एकट्यानं वाचायला जड जाईल. मी मुलांना संक्षेपांचा अर्धा पानभर कागद करून दिलाय, तो वहीत चिकटवला की भागतं. त्यापुढच्यांनी मात्र रोज एक तरी शब्द उघडावाच.

रात्री त्या मुलीचा मेसेज आला. तिची आई ब्लाउज शिवते. “सर, श्नायडर बघितला. शिंपी, पण शब्द ‘श्नायडन’वरून, म्हणजे कापण्यावरून! आई म्हणते बरोबरच आहे, शिवण चुकली तर उसवता येते, कापताना चुकलं की कापड गेलं.”