नेरळ-माथेरान मिनी ट्रेन: जाताना गाडी, येताना टॅक्सी

दोघांची सुट्टी एकाच दिवशी जुळली आहे, घाटात स्टिअरिंग धरून बसायचं नाहीये आणि रात्री घरी परतायचंय, तर मुंबई, ठाणे किंवा पुण्याहून निघणाऱ्यांसाठी नेरळ-माथेरानची मिनी ट्रेन हा अजूनही फार चांगला बेत आहे. मात्र फक्त वर जाताना. दोन्ही बाजूंनी गाडीचाच हट्ट धरला की दिवस तिच्या वेळापत्रकात संपतो.

आधी वेगाविषयी, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. साधारण २१ किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे ताशी जेमतेम आठ किलोमीटर. रूळ दोन फुटी आहेत, चढ काही ठिकाणी वीस मीटरला एक मीटर इतका खडा आहे आणि या २१ किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटर वर चढते. १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला गेला. पैसा मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाचा. बांधणाऱ्यांनी इंजिन पुढचं मागे करावं लागेल अशी उलटापालट कुठे ठेवली नाही. डोंगराला वळसे घालत, घोड्याच्या नालेसारखे भराव टाकून गाडी फिरवली. त्यामुळे वळणावर खिडकीतून पाहिलं तर आपलंच इंजिन उलट दिशेला तोंड करून चाललेलं दिसतं. चाकाची कड रुळाला घासते, लांबलचक किंचाळी उठते आणि डबा आधी इकडे, मग तिकडे कलतो. ही गाडी पोहोचवण्यासाठी नाहीच, बसण्यासाठी आहे, हे आधी दोघांनीही मान्य करून घ्यावं. एकाला घाई असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर हे दोन तास चाळीस मिनिटं फार लांब वाटतात.

तिकिटाचा भाग सर्वांत कटकटीचा. तिकीट नेरळला खिडकीवर मिळतं, तेही गाडी सुटायच्या पाऊण तास आधी. सकाळच्या गाड्या साधारण पावणेनऊ आणि साडेदहाच्या सुमारास असतात. वेळा मोसमानुसार बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं ताजं वेळापत्रक पाहून घ्यावं. डबे लहान, त्यामुळे जागा मोजक्या. शनिवार-रविवारी खिडकी उघडण्याच्या कितीतरी आधी रांग लागलेली असते आणि रांगेत मागे राहिलेले हात हलवत परत टॅक्सीकडे वळतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नेरळ लोकलने साधारण दोन तास, तेव्हा पहिली गाडी धरायची तर सहाच्या आतबाहेरची कर्जत लोकल पकडायला हवी. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी. मध्ये भिवपुरी रोड हे एकच स्टेशन आहे. दोघांपैकी एकाने उतरल्या उतरल्या रांग धरावी, दुसऱ्याने पाणी आणि नाश्ता आणावा. स्वच्छतागृहही नेरळलाच उरकून घ्यावं, डब्यात ती सोय नाही. जमत असेल तर मंगळवार, बुधवार गाठावा. त्या दिवशी हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

कोणता डबा घ्यावा? फर्स्ट क्लासमध्ये गादी बरी आणि गर्दी कमी, मोठ्या काचांच्या विस्टाडोम डब्यातून फोटो छान येतात. तरीही दोघांसाठी सेकंड क्लासची समोरासमोरची खिडकी सर्वांत चांगली. शेजारी बसलं की एकालाच बाहेरचं दिसतं, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावत राहतो आणि अर्ध्या वाटेत मोबाइल काढतो. समोरासमोर बसलं की एकाला पुढची दरी दिसते, दुसऱ्याला मागे पडलेलं नेरळ, आणि 'बघ, बघ' म्हणायला दोघांकडेही काहीतरी असतं. डबा इतका अरुंद की गुडघ्याला गुडघा लागतोच. ज्याला घाटात मळमळतं त्याने गाडीच्या दिशेला तोंड करून बसावं आणि नाश्त्याला तळलेलं टाळावं. वेग कमी असला तरी वळणं संपत नाहीत. उजवी बाजू घ्यावी की डावी, यावर वाद घालू नये. गाडी इतक्या वेळा उलटसुलट वळते की दरी दोन्ही बाजूंना येते.

जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान अशी स्टेशनं. जुम्मापट्टीपर्यंत झाडी उघडी आणि ऊन चटका देणारं. नंतर सावली दाट होते आणि हवा बदललेली अंगाला कळते. एप्रिल-मेमध्ये वाटेवर करवंदं, जांभळं, कैऱ्या विकायला आदिवासी बायका उभ्या असतात. पानाच्या द्रोणातली करवंदं घ्याच, पण गर्द काळी निवडून घ्या. लालसर दिसणारी आंबट निघतात आणि चिकाने ओठांना ओढ बसते. सुटे पैसे हाताशी ठेवा, गाडी फार वेळ थांबत नाही.

या मार्गावर एकच बोगदा आहे आणि त्याचं नाव 'वन किस टनेल'. नावातच त्याची लांबी आली. आत शिरल्यावर शेजारच्या माणसाला एक पापा देईपर्यंत उजेड परत येतो. नवी जोडपी आधीपासून सावरून बसतात आणि नेमकी त्याच क्षणी कुणाची तरी मुलं किंचाळतात. पंधरा-वीस वर्षं संसार केलेल्यांनीही तो चुकवू नये. अंधारात हात हातात घ्यायला एवढा वेळ पुरतो, आणि घरात तेवढाही सलग वेळ कुणाला मिळतोय! या गाडीचं खरं देणं हेच आहे. स्टिअरिंग धरायची जबाबदारी नाही, वळणांमध्ये फोनची रेंज जाते आणि येते, उतरायची घाई नाही. किराणा, शाळेची फी, कुणाच्या आईचा गुडघा, असे विषय पहिला अर्धा तास चालतात. वॉटर पाईप येईपर्यंत ते आपोआप संपतात. मग गप्प बसायला जमतं का, हे पाहण्याची जागा म्हणून मी या डब्याला पूर्ण गुण देईन.

वर पोहोचल्यावर चालायची तयारी हवी. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, सगळी वाहनं दस्तुरी नाक्यावर थांबतात. दिवसभराच्या जोडप्याने सगळे पॉइंट 'करायचे' ठरवू नये. घोडेवाले आकडे सांगून गळ घालतात, पण साडेअकराच्या सुमारास पोहोचलेल्यांना पायी एक पट्टा पुरेसा आहे: बाजारातून शार्लोट लेक, तिथलं पिसारनाथाचं देऊळ, मग लागूनच असलेले लॉर्ड, एको आणि लुईझा पॉइंट. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. शार्लोटचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यात पाय सोडून बसू नका. पॉइंटवर खाण्याचा डबाही उघडू नका. माकडं पिशवीच्या आवाजावर येतात आणि ज्याच्या हातात पिशवी त्याच्याच अंगावर येतात. पाण्याची बाटलीसुद्धा हातात न ठेवता सॅकमध्ये ठेवा.

पायात जुने, पकड असलेले बूट हवेत. जांभ्याची लाल माती पांढऱ्या बुटांतून पुन्हा निघत नाही, आणि सुकलेल्या पानांवर सपाट तळव्याची चप्पल सरकते. चाकांची बॅग आणू नये. ती ओढण्यावरून होणारी चिडचिड सगळ्या सहलीला पुरते.

परतीसाठी गाडी का नको? दुपारच्या गाड्या साधारण पावणेतीन आणि चारच्या आसपास निघतात. साडेअकराला आलेल्याने जेवून रांगेत उभं राहायचं म्हणजे माथेरान पाहिलंच नाही. त्यापेक्षा पाच-साडेपाचला बाजारातून निघावं. दस्तुरीपर्यंत अडीच-तीन किलोमीटर आहे, झाडीतून सावकाश चालत पाऊण तास. पाय दुखत असतील तर माथेरान ते अमन लॉज शटल आहे, अमन लॉजपासून दस्तुरी अगदी जवळ. तिथून नेरळला शेअर टॅक्सी मिळते आणि वीस-पंचवीस मिनिटांत खाली उतरवते. टॅक्सी सीटवर भरते. दोघंच असाल तर बाकीचे येईपर्यंत थांबावं लागतं किंवा रिकाम्या सीटचे पैसे देऊन निघावं लागतं, हे बसण्याआधीच बोलून घ्यावं. सूर्यास्त पाहायचाच असेल तर पॉर्क्युपाइन पॉइंट उत्तम, पण तिथून दस्तुरीला येईतो पुरता अंधार होतो आणि टॅक्स्या कमी होतात. सूर्यास्तासाठी मुक्काम करावा.

पावसाळ्याचा गैरसमज दरवर्षी होतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, फक्त वरची शटल धावते. 'पावसात झुकझुक गाडीने' असा बेत करून नेरळला उतरलेली जोडपी मग टॅक्सीनेच वर जातात. डोंगर खचतो, रूळ वाहून जातात, म्हणून ही खबरदारी. २०१९च्या पावसात मार्ग इतका खराब झाला की पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२मध्येच सुरू झाली. त्याआधी मे २०१६मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबवली होती. एअर ब्रेक बसवून ती जानेवारी २०१८मध्ये पूर्ण मार्गावर परत आली. सुरक्षिततेसाठी थांबते म्हणून रुसू नये. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला: दरी अजून हिरवी, धूळ कमी, आणि आठवड्यात मधल्या दिवशी रांगही सुसह्य.

चिक्की बाजारातून घ्या, पण पाकीट दाबून पाहून. चांगली चिक्की कट्कन मोडते. वाकली, दाताला चिकटली किंवा गूळ ओलसर दिसला तर ती दमट हवेत उघडी राहिलेली आहे. शेंगदाण्याची आणि तिळाची पाव-पाव किलो घेतली की दोघांच्या घरी पुरते. आणि खाली नेरळला मुंबईकडची लोकल धरताना, वेळ असेल तर कर्जतहून सुटणारी निवडा. खोपोलीहून येणारी रविवारी संध्याकाळी बहुधा भरलेलीच येते.