स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर: मालदीवची सफारी बोट आणि नंतरचे काही महिने

मालदीवची सफारी बोट, म्हणजे आठवडाभर राहून डाइव्ह करायची बोट, बुक केली तेव्हा डाइव्हिंगच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, कॅमेऱ्याचं नंतर बघ, आधी स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घे, म्हणजे मनगटावर बांधायचं ते यंत्र, जे पाण्याखाली अजून किती मिनिटं सुरक्षितपणे राहता येईल ते सांगतं. वीस-तीस हजारांच्या घरातला एक साधा घेतला. दोन बटणं, काळा-पांढरा डिस्प्ले, बॅटरी बदलता येते, कंपास नाही. या किमतीतले बरेचसे मॉडेल उन्नीस-बीस असतात, त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेकांना लागू पडावं. हिवाळ्यात घेतला, मालदीव झालं, कर्नाटकातलं नेत्राणी बेट झालं, आता पाऊस लागल्यापासून दादरच्या घरी कपाटात आहे.

मालवणला हौसेची एक डाइव्ह करायची असेल तर हा खर्च करूच नका. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, खोलीही बेताची. बोटीवरचं गणित निराळं. दिवसाला तीन डाइव्ह, मधूनच रात्रीची चौथी, आणि हे रोज. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. किती सावकाश, तेच हे यंत्र मोजतं. माझ्यात झुरिकच्या डॉ. ब्यूलमन यांचं मॉडेल आहे. त्यात शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरलेत. सगळ्यात चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत निम्मा रिकामा होतो, सगळ्यात सुस्त कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. म्हणजे रात्री आठला वर आलात, जेवून झोपलात आणि सकाळी साडेसहाला परत पाण्यात उतरलात, तरी त्या कप्प्यातला कालचा जादा नायट्रोजन निम्माच गेलेला असतो. छापील तक्त्यातली ३० मीटरला २० मिनिटं ही मुभा ताज्या माणसाच्या पहिल्या डाइव्हची. चौथ्या दिवशी तुम्ही ताजे नसता.

हे मला मालदीवच्या वाव्हू अटोलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या एका कड्यात, नीट दिसलं. तिथल्या कांडूंमध्ये, म्हणजे अटोलच्या कडेला समुद्राचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या खिंडींमध्ये, करंट इतका की रीफ हुक खडकात अडकवून पतंगासारखं ताणून राहायचं. समोर ग्रे रीफ शार्क. हलावंसं वाटत नाही. माझ्या बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, भाड्याचा कॉम्प्युटर सकाळच्या दुसऱ्या डाइव्हनंतर बंद पडला होता आणि बोटीवरून त्याच्या हातात दुसरा दिला गेला होता. दुपारी त्याच खोलीवर, शेजारी-शेजारी, माझ्या डिस्प्लेवर ६ मिनिटं शिल्लक आणि त्याच्यावर १७. त्याच्या यंत्राच्या लेखी हा माणूस आज पहिल्यांदाच पाण्यात उतरला होता. मी त्याला माझं मनगट दाखवलं, त्यानं मान हलवली आणि आम्ही दोघं माझ्या आकड्यावर वर निघालो. खरं तर असा कॉम्प्युटर मधेच बदलला तर एक दिवस कोरडं बसायला हवं. सुट्टीचे पैसे भरलेला माणूस तसा बसत नाही, आणि बसवायला हवं होतं ते बोटवाल्यांनी.

आता तक्रारी. माझ्या मॉडेलमध्ये नायट्रॉक्सचं, म्हणजे जादा ऑक्सिजन घातलेल्या हवेचं, सेटिंग मध्यरात्र उलटली की आपोआप साध्या हवेच्या २१ टक्के ऑक्सिजनवर जातं. मालदीवच्या बोटींवर बहुतेक जण ३२ टक्क्यांवरच डाइव्ह करतात. रोज सकाळी टाकी ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरला लावायची, चिकटपट्टीवर आकडा लिहायचा आणि मग ओल्या बोटांनी आठ वेळा बटण दाबायचं. राहिलं तर यंत्र साधी हवा समजून वेळ कमी देतं, ते परवडलं. पण खोलवर जादा ऑक्सिजन घातक ठरतो, आणि ती मर्यादा त्याला कळतच नाही, हे वाईट. ३२ टक्क्यांना साधारण ३४ मीटरच्या खाली जायचं नाही. मालदीवमध्ये मुळात ३० मीटरचा नियम आहे म्हणून निभावतं.

बीप पाण्यात ऐकू येतो, पण हूड, म्हणजे कान झाकणारी रबरी टोपी, घातलं तर नाही. वर येताना वेग जास्त झाला की डिस्प्ले लुकलुकतो, तो दिसतो. सेफ्टी स्टॉपचा, म्हणजे ५ मीटरवरच्या तीन मिनिटांचा, काउंटर मोठ्या आकड्यांत आहे. ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. रात्री माया थिला या पाण्याखालच्या टेकडीवर टॉर्चच्या उजेडात व्हाइटटिप शार्क पायाखालून जात असताना कुणी बारीक आकडे वाचत बसत नाही.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाचं चिन्ह येतं आणि शेजारी २४ तास. मुंबईची फ्लाइट जेमतेम तीन तासांची आहे म्हणून ती सोपी समजू नका, केबिनमधला दाब कमी असतोच. बऱ्याच दिवसांच्या डाइव्हिंगनंतर किमान १८ तास थांबा असं डॅन (डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डाइव्हरांच्या सुरक्षेची संस्था) सांगते, माझं यंत्र त्याहून कडक आहे. परतीचं तिकीट काढताना हे धरा.

मुंबईत आल्यावरचा त्रास कुणी सांगत नाही. पाणी लागलं की यंत्र चालू करणारे दोन धातूचे ठिपके मागे असतात. त्यांवर मीठ राहिलं आणि हवा दमट असली की यंत्र कपाटातल्या कपाटात जागं राहतं आणि बॅटरी खातं. जूनमध्ये पाहिलं तर चिन्ह निम्म्यावर आलेलं. आता गोड्या पाण्यात भिजवतो, जुन्या टूथब्रशनं ठिपके घासतो, पंख्याखाली पूर्ण वाळवतो आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवतो. बॅटरी बदलताना ओ-रिंगही, म्हणजे झाकणाखालची रबरी कडी, नवीच टाका, तिला सिलिकॉन ग्रीस लावा. रस्त्यावरच्या घड्याळवाल्याकडे देऊ नका, तो बिचारा झाकण बसवून देईल, पण ३० मीटर त्याच्या हिशेबात नसतात.

डाइव्हच्या नोंदी लॅपटॉपवर उतरवायची केबल वेगळी विकतात आणि तिची किंमत ऐकून मी दुकानातच हसलो. वहीत लिहितो.