पेनिन्सुला: स्टिअरिंग पोरीच्या हातात आहे तोवर पिक्चर भारी

आधीच सांगते, शेवटाबद्दल पण बोलणारे, बघायचा असेल तर आत्ताच थांबा.

२०१६ चा कोरियन झोंबीपट 'ट्रेन टू बुसान' डोक्यात ठेवून त्याचा पुढचा भाग, २०२० चा 'पेनिन्सुला' लावला की सुरुवातीला चिडचिडच होते. यात झोंबींनी कोरिया गिळून चार वर्षं झालीयेत, हाँगकाँगला पळालेला माजी फौजी पैशांनी भरलेला ट्रक आणायला परत जातो आणि तिथे तगून राहिलेलं एक कुटुंब त्याला भेटतं. दिग्दर्शक तोच, यॉन सांग-हो, पण ट्रेनच्या डब्यातला तो जीव गुदमरवणारा कोंडवाडा नाही, नुसती ओसाड शहरं आणि खोट्या वाटणाऱ्या गाड्या. असो, त्यावर सगळ्यांनी बोलून झालंय. मला बोलायचंय ते यात कोण दिसतं आणि कसं दिसतं त्यावर, कारण तिथे हा पिक्चर मधेच एकदम हुशार होतो आणि मधेच प्रचंड आळस करतो.

हुशार म्हणजे जून-ई. ली रेने केलीये, शाळेत जायच्या वयाची पोरगी, आणि कोरियातल्या इंचॉन या बंदराच्या शहराच्या रस्त्यावर झोंबी उडवत गाडी अशी वळवते की आपला माजी फौजी हिरो जंग-सोक आत नुसता जीव मुठीत धरून बसलेला. झोंबींना अंधारात दिसत नाही, ते उजेड आणि आवाजाकडे पळतात, म्हणून धाकटी यू-जिन लाईट लावलेल्या रिमोटच्या गाड्या सोडून त्यांना भलतीकडे पळवते, आणि आई मिन-जंग बंदूक घेऊन उभी. आणि यातल्या कशाचंही कुणी कौतुक करत बसत नाही, 'मुलगी असून बघा' वगैरे डायलॉग नाही, चार वर्षं तिथे जगायचं तर हे यायलाच हवं, विषय संपला. आधीच्या पिक्चरमधे गरोदर बाई, छोटी मुलगी, म्हातारी आणि बेघर माणूस ट्रेनच्या टॉयलेटमधे अडकलेले आणि तीन पुरुष डबे पार करत त्यांना सोडवायला निघालेले, ते आठवलं की फरक लगेच कळतो.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे हाँगकाँग. जगाने नाकारलेले निर्वासित इथे कोरियन आहेत, खानावळीत लोक त्यांना रोगी असल्यासारखं हाकलतात. २०१८ मधे येमेनचे सुमारे ५०० निर्वासित दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर आले तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या ऑनलाईन अर्जावर सात लाखांच्या वर सह्या झाल्या होत्या, त्याच देशाच्या प्रेक्षकाला हा सीन बघायला लावणं साधी गोष्ट नाहीये. पण मग दोन कोटी डॉलर भरलेला ट्रक कथेत येतो आणि हाँगकाँग जे सुटतं ते सुटतंच, अरे जरा थांबायचं ना तिथे!

आता आळस. बाहेरच्या देशातली माणसं म्हणजे नुसते पुठ्ठे. देश कसा बुडाला हे आपल्याला इंग्रजी टीव्ही शोमधला पाहुणा समजावून सांगतो, शाळेतला धडा वाचल्यासारखं. आणि इंचॉनच निवडलंय, जिथे बंदराजवळ चायनाटाऊन आहे, तरी त्या अवशेषांत उरलेल्यांमधे ठळक पात्र असं परदेशी कामगाराचं किंवा चिनी वंशाचं एकही नाही, खलनायकांची, म्हणजे तिथे उरलेल्या बिथरलेल्या सैनिकांची ६३१ नंबरची तुकडी तर सगळी एकसारखे भडक पुरुष.

शेवटी यूएनचं हेलिकॉप्टर येतं त्यात जेन नावाची अधिकारी. पोरींसोबत राहणारे आजोबा रेडिओवर तिच्याशी बोलत असतात तेव्हा सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याला भास होतायत, आणि ती खरी निघते, आयडिया मस्त आहे. पण जेनला काम काय, तर इंग्रजीत धीर द्यायचा. म्हणजे पोरींनी एवढी गाडी हाणायची, आईने मरायची तयारी करायची, स्लो मोशनमधे रडारड भरपूर, आणि सुटका मात्र वरून. तरी एक आहे, जेन म्हणते आता चांगल्या जगात जाशील, तर जून-ई सांगते की मी होते ते जगही वाईट नव्हतं. पूर्ण पिक्चरमधला सगळ्यात खरा डायलॉग हाच, आणि तो पोरीलाच दिलाय.

पाचात तीन देते, त्यातले दोन जून-ईच्या ड्रायव्हिंगचे. पात्रं सगळी नवीन आहेत, 'ट्रेन टू बुसान' बघितला नसला तरी चालेल.