घडीची कोळशाची शेगडी, पाच महिन्यांनंतर: पेटते झटकन, विझता विझत नाही

एप्रिलच्या शेवटी ही शेगडी घेतली, 449 क्रोनरला. आता सप्टेंबर सरत आलाय. या पाच महिन्यांत अकरा वेळा पेटवली, त्यातल्या आठ वेळा स्टॉकहोमच्या आसपासच्या बेटांवर. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्यातल्या शेगड्या चार-पाच नावांनी विकल्या जातात. पातळ स्टेनलेस स्टील, घडी घातली की जाडजूड लॅपटॉपएवढी, सोबत कापडी पिशवी. खोक्यावर वजन अडीच किलो लिहिलंय. घरच्या काट्यावर पिशवीसकट 2.9 भरलं.

घ्यायचं कारण सांगतो, नाहीतर विचाराल की बेटांवर शेकोटीसाठी जागा केलेल्या असतातच, मग ही कशाला? असतात. दगडांचं वर्तुळ आणि वर भली मोठी जाळी. पण त्या जाळीवर आदल्या मंडळींच्या डुकराच्या सॉसेजची चरबी घट्ट बसलेली असते, आणि यंदा जून ते ऑगस्ट सासूबाई आमच्याकडे होत्या. त्या काही बोलल्या नसत्या. नुसतं ‘मला भूक नाहीये’ म्हणाल्या असत्या.

आधी चांगलं सांगतो. पेटायला एकदम सोपी. तळाच्या भोकांतून हवा छान खेळते. बर्चचा कोळसा वीस मिनिटांत पांढरा पडतो. वारा असेल तर त्याहून लवकर. भोकं दोनच बाजूंना असल्यामुळे शेगडी वाऱ्याला आडवी ठेवायची की उभी, एवढं कळलं की आंच वाढवता-कमी करता येते. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं, सासूबाईंना पहिल्याच.

आता मुख्य तक्रार. ही शेगडी विझायला, म्हणजे पिशवीत भरण्याइतकी गार व्हायला, पाऊण ते एक तास घेते. घराच्या अंगणात याने काहीच बिघडत नाही. बेटावर सगळं गणित इथेच फिसकटतं, कारण तिथे आपलं वेळापत्रक बोट ठरवते.

जुलैतला एक शनिवार सांगतो. कांदेनवमी शुक्रवारी होऊन गेली होती, आम्ही ती दुसऱ्या दिवशी साजरी करायचं ठरवलं: चातुर्मास लागायच्या आत वांग्याचं भरीत आणि भाजके कांदे. सकाळी स्ट्रोमकायेनच्या धक्क्यावरून वॅक्सहोम्सबूलागेट या बोट कंपनीची पांढरी बोट पकडली. पलीकडे राजवाडा, अलीकडे आमच्या पिशवीत चार भरताची वांगी. इथे लहानमोठी बेटं आणि खडक धरून आकडा 30 हजारांच्या घरात जातो, त्यामुळे ‘बेटं बघायला’ निघालेल्या माणसाने आधी दोनच निवडावीत. वॅक्सहोमला उतरलो, पाण्यातला किल्ला काठावरून पाहिला. सासूबाई म्हणजे सुवर्णदुर्ग बघत वाढलेल्या. ‘बरा आहे’ म्हणाल्या. मग ‘ओहोटी कधी लागते?’ हा प्रश्न आला. इथे ती जवळपास लागतच नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी नावापुरती, आणि पाणीही निमखारं: लिटरला सहा-सात ग्रॅम मीठ, आपल्याकडे पस्तीसच्या वर. त्यांनी ओंजळीत घेऊन चव बघितली आणि म्हणाल्या, ‘आमटीत मीठ विसरल्यासारखं लागतंय.’

पुढची बोट येल्नोची. हे शेतीचं, गाईगुरांचं शांत बेट. इथून शेजारच्या कार्क्लोला जायचं तर खाडीवर वल्ह्याच्या होड्या ठेवलेल्या असतात. कुणीही घ्याव्यात, स्वतः वल्हवाव्यात. अट एकच: दोन्ही काठांवर कायम किमान एक होडी राहिली पाहिजे. आमच्या काठावर एकच होती. म्हणजे ती घेऊन पलीकडे जायचं, तिथली दुसरी होडी मागे बांधून परत यायचं, ती इथे सोडायची आणि मग पुन्हा निघायचं. तीन फेऱ्या! बायको आणि सासूबाई पहिल्याच फेरीत पलीकडे उतरून निवांत बसल्या, मी शेगडी पायाशी घेऊन वल्हवत राहिलो. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी पिशवीत गेलं. त्याचा परिणाम ऑगस्टमध्ये दिसला: पत्रा स्टेनलेस आहे, पण रिव्हेट आणि पायांच्या खिळ्या तशा नाहीत. चारपैकी दोन खिळ्यांवर लाल गंज धरलाय आणि डावा पाय आता पक्कडीशिवाय उघडत नाही. सहा ग्रॅम मिठात ही गत, तर आपल्या किनाऱ्यावर एक पावसाळाही काढणार नाही.

पेटवली मात्र येल्नोला परतल्यावर, ठरवून दिलेल्या जागी. स्वीडनमध्ये रानावनात, कुणाच्या मालकीच्या जमिनीवरही हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे. 1994 पासून तो राज्यघटनेतही आहे. पण त्याचा अर्थ कुठेही जाळ करा असा नाही. विशेषतः इथल्या त्या गुळगुळीत, उघड्या कातळावर तर नाहीच. तापला की तो तडकतो, आणि तो ओरखडा कायमचा. या शेगडीच्या जाहिरातीत ती नेमकी अशाच कातळावर ठेवलेली दाखवलीय! पाय जेमतेम चार बोटं उंच आहेत. अर्ध्या तासाने खालच्या दगडाला हात लावून बघितला, टेकवत नव्हता. म्हणून मी ती नेहमी दगडांच्या वर्तुळातच, खडीवर ठेवतो.

वांग्यांना पंचवीस मिनिटं लागली. इथली वांगी जाड सालीची. साल काळी पडून पापुद्र्यासारखी सुटेपर्यंत धीर धरावा लागतो. कांदे सालीसकट कडेच्या निखाऱ्यांत खुपसले होते. सासूबाईंनी फोडणी घरूनच औषधाच्या बाटलीत आणली होती. ती ओतल्यावर जो वास सुटला, त्याने शेजारच्या वर्तुळातलं कुटुंब वळून बघायला लागलं. त्यांच्या मुलाला वाटीभर भरीत दिलं, त्याने पावाला लावून खाल्लं.

खाऊन उठलो तेव्हा संध्याकाळच्या शेवटच्या बोटीला पन्नास मिनिटं होती आणि शेगडीत लालभडक निखारे. पहिल्यांदा मी केलेली चूक करू नका: बादलीभर पाणी ओतलं की ‘टण्ण’ असा आवाज होतो आणि तळाच्या पत्र्याला बाक येतो. माझ्या शेगडीला तो मे महिन्यापासून आहे, त्यामुळे घडी पूर्ण मिटत नाही. या वेळी निखारे चिमट्याने एकेक करून फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले, डबा पाण्याने भरला, आणि रिकामी शेगडी हवेत धरून आम्ही आळीपाळीने धक्क्याकडे चालत निघालो. छोट्या धक्क्यांवर बोट आपणहून थांबत नाही; खांबावरची गोल तबकडी फिरवून उभी करायची, मग कप्तानाला कळतं. बायकोने तबकडी फिरवली. बोटीवरच्या पोराने माझ्या हातातलं धूड बघून विचारलं, गार आहे का? मी हो म्हणालो. त्याने हाताची मागची बाजू लावून खात्री केली, मगच चढू दिलं. बरोबरच केलं त्याने. पिशवीची चेन मात्र वितळली, कारण खालचा कोपरा अजून गरम होता. तेव्हापासून शेगडी बाजाराच्या पिशवीतून फिरते.

बारीकसारीक गोष्टी. जाळीच्या सळ्यांत दीड सेंटिमीटरची फट आहे. पनीर मोठं कापलं तर राहतं. सासूबाई गेल्यावर मासे भाजले: इथला मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा गलेलठ्ठ चुलतभाऊ, तो छान होतो. स्ट्रोमिंग, म्हणजे बाल्टिकमधली छोटी हेरिंग मासळी, मात्र बोटाएवढी. अर्धी निखाऱ्यांनी खाल्ली. दुहेरी जाळी वेगळी घ्यावी लागते, तेवढे पैसे धरून चाला.

निघायच्या दिवशी सकाळी जाळबंदी आहे का ते बघाच. 2018 च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांनंतर लोक याबाबत फार गंभीर आहेत, आणि बंदी कडक असेल तर स्वतःच्या अंगणातही कोळसा पेटवता येत नाही. ‘ब्रांडरिस्क उते’ या ॲपवर आपल्या जागेचं कळतं. आमची जुलैअखेरची खेप त्यामुळे धपाटे आणि ठेच्यावर निभावली, शेगडी बाल्कनीतच राहिली. आणि थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी तंबूत घेऊ नका. वास येत नाही, धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. झाकण असतं तर चार दिले असते: झाकण लावलं की हवा तुटते, निखारे लवकर दम सोडतात, राख उडत नाही, आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो. एवढी साधी गोष्ट, पण बनवणाऱ्याने शेवटची बोट कधी गाठलेली नसावी.

सासूबाईंनी जायच्या आदल्या दिवशी शेगडी मागवून घेतली आणि विती टाकून मोजली. दोन वीत लांब, वीत-दीड वीत रुंद. कागदावर आकृती काढून घेतली. गेल्या आठवड्यात फोटो आला: दापोलीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली, जाड पत्र्याची, पाय टीचभर उंच. वर कडी असलेलं झाकण.