पाठीवरचा जुना ब्लोअर घेताय? दोरी स्वतः ओढून बघा

काजूच्या बागेत हवेच्या झोताने पाला उडवणारा ब्लोअर कशाला, असं घाटावरच्या लोकांना वाटतं. पण बी खाली पडायला लागली की ती पाल्यात हरवते, आणि खराट्याने झाडायला हल्ली माणसं मिळत नाहीत. शिवाय मार्चनंतर शेजारच्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं गवत कधी पेटेल सांगता येत नाही. बागेभोवती पाला काढलेला पट्टा ठेवावाच लागतो. वनखातंही जाळरेषा साफ करायला हेच ब्लोअर वापरतं. आमची वेंगुर्ला ४ आणि ७ या जातींची काजूची झाडं उतारावर, त्यामुळे पाठीवर घ्यायचंच मशीन हवं होतं.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात दिसली. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा, टू-स्ट्रोक, ५६.५ सीसी, ‘रिसॉर्टचं कंत्राट संपलं म्हणून विकणे’. किंमत अठरा हजार. फार स्वस्त असती तर संशय आला असता. ही अगदी बेतशीर होती. आंबोली घाट चढून गडहिंग्लजच्या बाजूला गेलो.

अंगणात पाय ठेवला तेव्हा ब्लोअर त्या माणसाच्या पाठीवर, चालू, आणि पाला उडतोय. ‘या दादा, तुमच्यासाठी चालू करूनच ठेवलाय. हवा बघा की!’ हवा खरंच जोरदार होती. थ्रॉटल खाली न आणता त्याने मशीन तसंच माझ्या पाठीवर चढवलं. निळा धूर बराच होता, त्यावर उत्तर तयार: ‘ऑइल जरा जास्त पडलंय. इंजिनला चांगलंच की ओ.’ आता बंद करून परत चालू करू या, म्हणेपर्यंत दोन आचके देऊन ते बंद पडलं. पेट्रोल संपलं म्हणाला. टाकीचं झाकण उघडून दाखवलं, आत ठणठणाट. ‘आता भरत न्हाई. डिकीत सांडलं तर घाटात गाडी पेटायची.’ माझ्या जिवाची इतकी काळजी घरच्यांनाही नसेल.

पैसे यूपीआयने दिले, मशीन घरी आलं.

सकाळी पेट्रोल-ऑइलचं मिश्रण भरून चालू करायची दोरी ओढली तर लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. कुठे अडकणं नाही, दाब नाही. खूप ओढाओढीनंतर सुरू झालं, पण थ्रॉटल सोडला की बंद, आणि एकदा गरम होऊन बंद पडलं की मग काही केल्या चालू होईना. त्याला फोन केला तर ‘कार्ब्युरेटर साफ करा, लांबून आलंय न्हवं’. दुसऱ्यांदा केला तेव्हा नंबर ब्लॉक.

कुडाळच्या मेकॅनिकने आधी प्लग काढला. कोरा करकरीत. जुना प्लग इंजिनाची सगळी कुंडली सांगतो, म्हणून तो बदललेला. प्लगच्या आट्यांत घट्ट ऑइल. गेज लावल्यावर दाब साठ पीएसआयच्या आसपास; शंभराच्या खाली गेलं की ही इंजिनं रडायला लागतात. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून त्याने आत बॅटरी मारली. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, बोटाला लागतील एवढ्या खोल. ‘हो बिनऑइलाच्या पेट्रोलार चलवलेलो आसा,’ तो म्हणाला.

या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच. एक लिटरला साधारण २० मिली. ते नसलं की पिस्टन सिलिंडरला घासून खातो. असं खाल्लेलं इंजिन विकायचं असेल तर प्लगच्या भोकातून ऑइल ओततात. पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी भरतात, दाब तात्पुरता वाढतो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत मशीन चालू ठेवता येतं. निळा धूर त्याचाच. थ्रॉटल कधी खाली आणला नाही, टाकीत पेट्रोल नेमकं तेवढंच होतं, या सगळ्याचा अर्थ तेव्हा लागला. सिलिंडर-पिस्टनचा किट घालायचा तर मोजलेल्या पैशांच्या निम्मे आणखी जात होते.

तेव्हा जुना घ्यायला जाल तर आधीच फोनवर सांगा की मशीन थंड हवं, आणि पोचल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा. गरम लागला तर चहा प्या, थांबा. मिश्रण स्वतःचं, बाटलीतून न्या. दोरी हळू ओढली की मध्ये ठसठशीत अडायला हवी. थ्रॉटल सोडून थोडा वेळ चालू द्या, बंद करा, गरम असतानाच पुन्हा ओढा. सायलेन्सर काढू देत नसेल तर परत फिरा. दोन-तीन स्क्रूंचं काम आहे.

एकदाच घरची वस्तू विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. पण भाच्याने त्याच ॲपवर शोधलं तेव्हा दुसऱ्या नंबरवरून तेच अंगण, तीच निळी टाकी, आणि विकायला ब्रश कटर, फवारणी पंप, चेनसॉ. म्हणजे हा धंदाच आहे, आणि धंदा असेल तर तो व्यापारी. जाहिरातींचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद घेऊन पोलिसांत अर्ज दिला आहे. आयोगाकडेही जाणार आहे. त्या ब्रश कटरच्या जाहिरातीत शेवटची ओळ अशी आहे: ‘सुरक्षेसाठी पेट्रोल काढून दिले जाईल.’ त्या भागात कोणी असं मशीन घेतलं असेल तर पावती आणि मेसेज पुसू नका. अर्जात आणखी नावं जोडता येतील.