दहावीच्या पालकांनो, ‘डाउट सॉल्व्हिंग’च्या नावाखाली कर्ज गळ्यात मारतात

माझी मुलगी साताऱ्यात दहावीला आहे; स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. मे महिन्यात एका लर्निंग अ‍ॅपचा माणूस घरी आला. त्याने टॅबवर तिची चाचणी घेतली आणि तिच्यासमोरच सांगितलं, “बेसिक कच्चं आहे, सत्तर टक्क्यांच्या पुढे जाणार नाही.” पोरीचा चेहराच उतरला. मग त्याने योजना पुढे केली. गणित, विज्ञान, इतिहास, इंग्रजी, कुठलीही शंका फोटो काढून पाठवा, त्या त्या विषयाचे शिक्षक रात्री-अपरात्रीही समजावतील. फी 38,000 रुपये, पण महिन्याला थोडी थोडी. पंधरा दिवसांत नाही पटलं तर सगळे पैसे परत. आधार, पॅन, पासबुकाचे फोटो घेतले आणि ‘व्हेरिफिकेशनचा’ ओटीपी मागितला.

तो ओटीपी कर्जाचा होता. एका फायनान्स कंपनीने अ‍ॅपवाल्यांना पैसे देऊन टाकले आणि कर्जदार झालो आम्ही. हप्ता खात्यातून आपोआप कापला जाऊ लागला.

आणि शिक्षक कसले? विज्ञान भाग 1 चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. मुलीने मुक्तिवेगाचं गणित पाठवलं, तर उत्तर आलं, “हे सिलॅबसमध्ये नाही.” सीबीएसईच्या दहावीत तो धडा नाही, म्हणून! बालभारतीचं पुस्तक त्या माणसाने उघडलेलंच नव्हतं. ‘उपयोजित इतिहास’ विचारला तर युरोपातल्या राष्ट्रवादाच्या नोट्स आल्या. भूमितीला आणि इतिहासाला उत्तर देणाऱ्याचं नाव एकच. घटक चाचणीच्या आदल्या रात्री पोर फोन हातात धरून वाट बघत बसायची. पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप येतो.

मुदतीच्या आतच पैसे परत मागितले. “रिक्वेस्ट टाकली आहे मॅडम,” असं म्हणत त्यांनी मुदत संपवली आणि नंतर फोनवरच्या विनंतीची नोंदच नसल्याचं सांगितलं. म्हणून जे मागायचं ते ई-मेलवर मागा.

बँकेत जाऊन नुसता ऑटो-डेबिट बंद केला की सुटलो, असं समजू नका. कर्ज तसंच राहतं, दंड लागतो आणि सिबिल खराब होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज देण्याआधी व्याज, शुल्क सगळं मांडलेलं पत्रक द्यावं लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. आम्हाला यातलं काहीही दाखवलं नाही. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच पालकांना अशा अ‍ॅप्सच्या ऑटो-डेबिटबद्दल सावध केलं होतं.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे कंपनीचा सूर बदलला आणि कर्ज बंद करायची तयारी दाखवली. एवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. कापलेले हप्ते मात्र अजून परत आलेले नाहीत. फायनान्स कंपनीकडे ‘नो ड्यूज’ पत्र लेखी मागितलंय, तेही यायचं आहे. ते हातात येईपर्यंत तक्रार मागे घेणार नाही.