.२२३ साठी १:१२, १:९ की १:८ : गोळी मोजा, मग नळीचा पीळ ठरवा

.२२३ हे रायफलचं एक काडतूस. रायफलच्या नळीत गोळीला फिरकी देणारे वळणदार आटे (खाचा) असतात, त्या वळणाला पीळ म्हणतात. नळीवरचा १:९ हा आकडा सांगतो की गोळी नळीतून जाताना दर ९ इंचांना एक पूर्ण फेरा घेते. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. गोळी जड असेल तर घट्ट पीळ हवा असं सरसकट सांगितलं जातं, पण खरा हिशेब लांबीचा आहे. ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) तेवढेच असले तरी निव्वळ तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब भरते आणि जास्त पीळ मागते. म्हणून डबीवरच्या ग्रेनवर न थांबता गोळीची लांबी मोजायला व्हर्नियर (बारीक मापाचं साधन) लावावा.

किती पीळ हवा याच्या अंदाजाला गणितज्ञ ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र आजही पुरतं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि लांबीने भागा. सगळी मापं इंचात. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० धरा.

.२२३ ची ५५ ग्रेनची साधी गोळी सुमारे ०.७४ इंच लांब. १८० धरून तिचं उत्तर १२ च्या आसपास येतं, म्हणजे १:१२ मध्ये ती जेमतेम बसते. त्याच नळीत ६९ ग्रेनची, सुमारे ०.९ इंचाची गोळी घातली की ती डगमगते आणि निशाणाच्या कागदाला आडवी लागते. १:९ मध्ये ५५ आणि ६९ दोन्ही सुखाने जातात. ७७ ग्रेनची गोळी मात्र जवळजवळ १ इंच लांब असते. तिला १:९ काठावर पडतो, १:८ निवांत.

या काठावरच्या जोडीत किनारा आणि घाट यांचा फरक पडतो. रत्नागिरी-मालवणला समुद्रसपाटीची हवा दाट. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथली हवा दहाएक टक्क्यांनी विरळ, त्यामुळे तीच गोळी तिथे जास्त स्थिर. घाटावर जमलेली जोडी खाली येऊन बिघडू शकते. कोकणातला उकाडा हवा थोडी हलकी करतो आणि ते पथ्यावरच पडतं. दमटपणाची भीती मात्र फुकट. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते.

मग सरळ १:७ का नको? ८० ग्रेनच्या पुढे जायचं असेल तर जरूर घ्या. पण ३२०० फुटांच्या वेगाला १:७ मध्ये गोळी मिनिटाला सव्वातीन लाखांहून जास्त फेरे घेते, १:१२ मध्ये १ लाख ९२ हजार. पातळ कवचाची हलकी गोळी त्या फिरकीने वाटेतच फुटू शकते. एकच नळी घ्यायची असेल तर आमचा कौल १:८ ला. फक्त ५५ ते ६९ वापरणाऱ्याला १:९ पुरतो, त्याहून घट्ट पिळासाठी त्याने जादा पैसे घालू नयेत. १:१२ जुनी मिळत असेल आणि ५५ च्या पुढे जायचंच नसेल, तरच.

.२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस वापरणाऱ्यांना हा घोळच नाही. ४० ग्रेनची गोळी आणि १:१६ चा पीळ ही ठरलेली जोडी. ६० ग्रेनची काडतुसं स्वस्त मिळाली म्हणून १:१६ मध्ये घालू नका, ती कोलांट्या खातात.

जुनी रायफल घेताना नळीवरच्या शिक्क्यावर विसंबू नका. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढा. मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या सळईला घट्ट चिंधी लावून ती नळीत थोडी सरकवा. सळईवर नळीच्या तोंडाशी एक खूण आणि वरच्या बाजूला एक खूण करा. वरची खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत हळू ढकला. सळई जेवढे इंच सरकली तो पीळ. चिंधी सैल असेल तर ती आट्यांवरून घसरते आणि आकडा खोटा येतो, म्हणून तीनदा मोजा.

कागदावर लांबट भोकं दिसली की लगेच पिळाला दोष देऊ नका. पावसाळ्यात खाऱ्या हवेने नळीच्या तोंडाची कड गंजली असेल किंवा आतले आटे खाल्ले गेले असतील, तरी गोळी आडवी जाते. आधी तोंड भिंगाखाली पाहा, नळी घासून कोरडी करा. मग हलक्या, आखूड गोळ्यांचा गट काढा, म्हणजे एकाच नेमाने काही गोळ्या मारा. त्यांची भोकं गोल आली आणि लांब गोळीचीच बिघडली, तर दोष पिळाचा.